जोश उतरल्यावर काय? पोलीस भरतीच्या तयारीत सातत्य कसं टिकवायचं (विदर्भातल्या खेड्यांसाठी)

पांदणवाट
मंडळी, दिवाळी झाली की आपल्याकडं पहाटेच्या रस्त्यावर पोरं-पोरी पळताना दिसतात. आर्वी, दारव्हा, मूर्तिजापूर, चिमूर, कुठंही जा. महिनाभरात त्यातले बरेचसे दिसेनासे होतात. गावात लगेच शिक्का बसतो, "पोट्टे आळशी हायेत." मला हे पटत नाही. वेचणी, तुरीची सवंगणी आणि रात्रीचं ओलित सांभाळणाऱ्या पोराचा दिवस आणि शहरात अकादमीत राहणाऱ्या पोराचा दिवस एक नसतो. दुसऱ्याचं वेळापत्रक पहिल्याला लावलं की ते तुटणारच. तुटलं की पोरगा स्वतःलाच नालायक समजून सोडून देतो.

निश्चय मनाच्या जोरावर कमी टिकतो, आधी करून ठेवलेल्या मांडणीवर जास्त टिकतो, असं माझं मत आहे. कुठं पळायचं, किती पळायचं, वाईट दिवशी किती कमी करायचं, चूक कुठं लिहायची, हे सगळं अंगात जोश असतानाच ठरवून ठेवावं लागतं.

ज्यांना मैदान, अभ्यास, आरोग्य यातलं नीट कळतं त्यांनी इथं लिहा. आपापल्या यशाच्या कहाण्या नकोत, करता येईल असं सांगा.

मैदानमाती
चांगला धागा. आधी लक्ष्य आकड्यात लिहा. "खूप मेहनत करीन" याला काही अर्थ नाही, कारण संध्याकाळी ती झाली की नाही हे तपासता येत नाही.

मागच्या भरत्यांचा हिशोब असा. पोलीस शिपाई पदाला मैदानी ५० आणि लेखी १०० गुण. मुलांना १६०० मीटर (२० गुण), १०० मीटर (१५) आणि ७.२६० किलोचा गोळा (१५). मुलींना ८०० मीटर (२०), १०० मीटर (१५) आणि ४ किलोचा गोळा (१५). पूर्ण गुणांसाठी मुलांना १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत, १०० मीटर ११.५० सेकंदांत आणि गोळा ८.५० मीटर. मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत, १०० मीटर १४ सेकंदांत आणि गोळा ६ मीटर. मैदानात निम्मे गुण नसतील तर लेखीला बोलावणंच येत नाही. दर भरतीची जाहिरात निघाली की तक्ता पुन्हा वाचायचा.

आता ५:१० चे तुकडे करा. ३१० सेकंद, ४०० मीटरच्या चार फेऱ्या, म्हणजे फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. वरच्या टप्प्यांत २० सेकंद उशीर झाला की २ गुण जातात. ६:१० ला येणारा पोरगा १४ गुणांवर असतो.

पहिली मोठी चूक इथंच होते. ६:१० वाला पोरगा पहिल्याच दिवशी ७७ च्या फेऱ्या मारायला जातो. दोन फेऱ्यांत फुटतो आणि "आपल्याच्यानं होत नाही" म्हणून घरी जातो. ६:१० म्हणजे फेरीला साडेब्याण्णव सेकंद. त्यानं सराव ८८-८९ नं करायचा, आजच्या फेरीपेक्षा तीन-चार सेकंद कमी. सहा फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं चालणं. सहावी फेरी पहिलीइतकीच आली की पुढच्या आठवड्यात आणखी एक सेकंद काढायचा. सहावी फेरी पाच सेकंदांनी सुटत असेल तर वेग अजून जास्त आहे, तोच आठवडा पुन्हा करायचा.

दुसरी चूक सुरुवातीच्या धावेची. परीक्षेत घोळक्यासोबत पहिली फेरी ६८-७० ला निघते आणि शेवटच्या दोन ८५ च्या वर जातात. पहिली फेरी ७७ ची काढली तर पहिल्या २०० मीटरमध्ये आपण मागं दिसतो. दिसू द्या. हा धीर सरावातच बसवावा लागतो, ऐनवेळी येत नाही.

निंबोणी
मैदानमाती सर, पहिल्या दिवसापासून ४०० च्या फेऱ्या मारायच्या का? आमच्या गावातल्या मुलींचे पाय पंधरा दिवसांत धरतात.

मैदानमाती
नाही ताई, बरं झालं विचारलंत. पहिले चार आठवडे वेगाचं काहीच नाही. सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या हळू, आठवड्याला चार दिवस, २५ ते ४० मिनिटं. दर आठवड्याला एकूण अंतर साधारण दहा टक्क्यांनीच वाढवायचं. दम महिन्याभरात वाढतो, पण हाड आणि स्नायूबंध घट्ट व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. दम आला म्हणून पोरी पळत सुटतात आणि नडगी दुखायला लागते.

त्यानंतरचा आठवडा साधारण असा. सोमवारी हळू ५ किमी. मंगळवारी ४०० च्या फेऱ्या, मुलींनी २०० आणि ४०० मिसळून. बुधवारी गोळा आणि ताकद: उठाबशा, एका पायावरच्या उठाबशा, जोर, पोटाचे व्यायाम. गुरुवारी हळू ५ किमी आणि शेवटी ८० मीटरचे सहा मोकळे झपाटे. शुक्रवारी १०० मीटरची सुरुवात: ३० मीटर सहा वेळा, ६० मीटर चार वेळा, मध्ये पूर्ण तीन मिनिटं आराम. आराम कमी केला की तो वेगाचा सराव राहत नाही, नुसता दमायचा होतो. शनिवारी हळू ७-८ किमी. रविवारी काही नाही. गावचा बाजार ज्या दिवशी त्या दिवशी सुट्टी धरली तरी चालेल. दर चौथ्या आठवड्यात सगळं एक तृतीयांशानं कमी करायचं आणि त्याच आठवड्याच्या शेवटी चाचणी घ्यायची.

नडगीचं दुखणं दोन प्रकारचं असतं. आतल्या बाजूनं लांबट पट्टा दुखतो आणि गरम झाल्यावर कमी होतं, त्याला अंतर अर्ध्यावर आणा, डांबरी सोडून मुरमाच्या रस्त्यावर पळा. बोट ठेवलं की एकाच जागी कळ येते आणि रात्री झोपेतही ठणकतं, तिथं पळणं बंद करून डॉक्टर गाठा. हाडाला बारीक चीर असू शकते आणि सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ती साध्या एक्स-रेवर दिसेलच असं नाही. "एक्स-रे नॉर्मल आला" म्हणून दुसऱ्या दिवशी पळायला लागू नका.

खुंटी_दोरी
वेळ मोजायची तर अंतर खरं पाहिजे. मोटारसायकलच्या मीटरनं आणि मोबाइलच्या नकाशानं मोजलेला "सोळाशे" कधी पंधराशे असतो, कधी सतराशे. छोट्या गोल मैदानावर तर मोबाइल वळणं कापतो. पोरगा खूश असतो आणि पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर वीस सेकंद मागं येतो.

गावात २०० मीटरची धाव आखता येते. साधारण ९० बाय ४० मीटरची सपाट जागा लागते: शाळेचं मैदान, गावठाणाची मोकळी जागा, कुणाचं पडीत. सामान म्हणजे ५० मीटरचा टेप (ग्रामपंचायतीत किंवा गवंड्याकडं मिळतो), दोन खुंट्या, न ताणणारी दोरी आणि चुना. नायलॉनची नवी दोरी ताणते, सुतळी किंवा तार बरी.

जागेच्या मधोमध दोन खुंट्या एकमेकींपासून बरोबर ५० मीटरवर ठोका. प्रत्येक खुंटीला १५.६२ मीटर दोरी बांधून बाहेरच्या बाजूनं अर्धवर्तुळ चुन्यानं ओढा. दोन्ही अर्धवर्तुळांची टोकं सरळ रेघेनं जोडा, ह्या रेघा ५०-५० मीटरच्या होतील. चौकोन तिरपा झाला का हे पाहायला दोन्ही कर्ण मोजा, ५८.९६ मीटर आले पाहिजेत. पाच-सात सेंटिमीटरचा फरक चालतो, हातभर फरक आला तर खुंटी पुन्हा ठोका.

१५.६२ च का? पळणारा चुन्याच्या रेघेवर पळत नाही, रेघेच्या साधारण ३० सेंटिमीटर बाहेरून पळतो. त्याची वाट १५.९२ मीटर त्रिज्येची होते आणि एक फेरी २०० मीटरची भरते. आठ फेऱ्या म्हणजे १६००, चार म्हणजे ८००. छोट्या गोलावर वळणं जास्त येतात म्हणून वेळ मोठ्या मैदानापेक्षा दोन-चार सेकंद जास्त येईल, त्यानं घाबरू नका. एक दिवस डावीकडून, एक दिवस उजवीकडून पळा, नाहीतर एकाच पायावर भार येतो.

काळ्या मातीत हे पावसाळ्यात चालत नाही. चिखलाचा लोंदा पायाला धरतो, घोटा मुरगळतो. तेव्हा मुरमाची पांदण शोधा. सरळ २०० मीटर मोजून दोन्ही टोकांना दगड रंगवून ठेवा.

पांदणवाट
हे फारच कामाचं. आता मांडणीतला माझा भाग सांगतो.

पहिलं म्हणजे किमान. पूर्ण दिवसाचं वेळापत्रक लिहिता तसंच वाईट दिवसाचं लिहा. माझ्या मते किमान एवढंच असावं: बूट घालून घराबाहेर, १५ मिनिटं हळू पळणं किंवा झपझप चालणं, आणि १० गणितं. ताप असेल, दुखापत असेल, घरात दुःख असेल तर तेही नाही. आठवड्याची सुट्टी सोडून बाकी कुठल्याही दिवशी किमान झालंच पाहिजे. किमान इतकं लहान ठेवा की दमलेल्या अवस्थेतही "नाही जमत" असं म्हणता येऊ नये.

दुसरं, वेळ घड्याळाला न बांधता कामाला बांधा. खेड्यात घड्याळ रोज हलतं. "साडेपाचला पळीन" ऐवजी "म्हशीचं दूध काढून झालं की बूट घालीन", "रात्रीची भाकर झाली की वही उघडीन". "असं झालं की तसं करीन" या पद्धतीच्या ठरावावर पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं बरंच काम केलंय. नुसत्या इच्छेपेक्षा असा ठराव जास्त पाळला जातो, कारण ऐनवेळी विचार करायचं काम उरत नाही.

तिसरं, २१ दिवसांत सवय लागते हे डोक्यातून काढा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१० साली ९६ जणांवरचा अभ्यास छापून आला. त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. बाविसाव्या दिवशी उठताना जड वाटलं तर तुमच्यात खोट आहे असं नाही. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्यानं सवयीचं विशेष नुकसान झालेलं दिसलं नाही. म्हणून नियम असा ठेवा: एक दिवस चुकला तर चुकला, सलग दोन चुकवायचे नाहीत.

तूर_हरभरा
भाऊ, हे सारं बराबर हाय. पन कापसाच्या दिवसात पोट्ट्यायनं काय कराव? सकायी सात वाजता मजुरायसंगं वावरात जा लागते, सांजच्याले गाठोडे मोजून गाडी भरा लागते. एखांद्या हप्त्यात रातची लाइन (वीज) असली त पानी द्याले जा लागते. झोपच होत नाई त पयाव कवा? अन् फवारनी असली त? वरच्या वरच्या गोष्टी नोका सांगू, अशा दिवसाचा नेम सांगा.

पांदणवाट
तुमचा प्रश्न या धाग्याचा गाभा आहे भाऊ. हंगामाप्रमाणं तीन रंग करा.

हिरवा आठवडा: वावरात काम कमी. मैदानमातींचा पूर्ण आठवडा पाळायचा.

पिवळा आठवडा: वेचणी, सोयाबीनची सवंगणी, हरभऱ्याची पेरणी. दिवसभर वाकून कंबर आणि मांडीची मागची शीर आखडलेली असते, त्यावर १०० मीटरचा झपाटा मारला की शीर ओढली जाते. या आठवड्यात वेगाचा सराव एकदाच, तोही सकाळी वावरात जायच्या आधी, आणि गोळा एकदा. बाकी दिवस किमान. वेचणी करताना दर तासाला उभं राहून कंबर मागं वाकवायची, हे साधं वाटतं पण संध्याकाळचा फरक जाणवतो.

लाल आठवडा: रात्रीची लाइन. झोप पाच तासांच्या खाली गेली की त्या दिवशी वेग नाही, गोळा नाही, फक्त किमान, आणि तेही दुपारच्या झोपेनंतर संध्याकाळी. घरात दोन भाऊ असतील तर रात्री वाटून घ्या, म्हणजे दोघांनाही एकाआड एक पुरती झोप मिळते.

चार महिन्यांचे सोळा आठवडे धरले तर कापसाच्या पट्ट्यात त्यातले निम्मे पिवळे-लाल जाणार हे आधीच कागदावर मांडा. मग तो आठवडा आला की योजना मोडली असं वाटत नाही. तो योजनेतलाच असतो.

उपकेंद्र
फवारणीबद्दल मी लिहिते. फवारणीच्या दिवशी पळायचं नाही, संध्याकाळीसुद्धा नाही. घाम आणि तापलेली कातडी यामुळं औषध अंगात शिरायला सोपं जातं, आणि दम भरून श्वास घेताना कपड्यावरचा वासही आत जातो. घरी आल्यावर कपडे वेगळे धुवा, साबणानं डोक्यापासून आंघोळ करा. मळमळ, डोकेदुखी, तोंडाला पाणी सुटणं, अंधुक दिसणं यातलं काहीही झालं तर थकवा म्हणून झोपू नका, सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि औषधाचा डबा सोबत न्या. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं शेतकरी-मजुरांचे जीव गेले, ते आपल्या लोकांनी विसरू नये.

आता त्याहून महत्त्वाचं. आपल्या विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) बराच आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येकानं सुरुवातीलाच तपासणी करून घ्यावी. सरकारी केंद्रात आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस करून वाहक आहे की रुग्ण हे कळतं. रुग्णानं डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय असा सराव करूच नये. वाहक पळू शकतो, खेळू शकतो, पण उन्हात, पाणी कमी पिऊन, एकदम जोराच्या फेऱ्या मारल्या तर त्याच्या स्नायूंना गंभीर इजा होऊन जीवावर बेतू शकतं. वाहकानं चढत्या क्रमानं सराव करावा, फेऱ्यांमधला आराम वाढवावा. पायात गोळे न येताही पाय एकदम लुळे पडल्यासारखे वाटले तर तिथंच थांबावं. अशा वेळी "जिद्द दाखव, पूर्ण कर" असं ओरडणारा सोबती धोकादायक आहे. हे सरावाच्या गटात प्रत्येकाला माहीत असू द्या.

मुलींनी हिमोग्लोबिन बघा. १२ च्या खाली असेल तर कितीही मनापासून पळा, ८०० मीटरची वेळ अडकून बसते. लोहाच्या गोळ्या केंद्रात मोफत मिळतात. चहासोबत घेऊ नका, चहानं लोह अंगाला लागत नाही. जेवणात लिंबू, आवळा किंवा संत्रं ठेवा.

उन्हाळ्यात सराव सकाळी सातच्या आत संपवा. मार्चपासूनच हे लागू करा, मे महिन्याची वाट पाहू नका. जास्त घाम गेला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजे टाकू नका.

निंबोणी
धन्यवाद ताई. खाण्याचंही सांगाल का? डब्यातल्या पावडरीवर पोरं दोन-दोन हजार घालतात.

उपकेंद्र
पावडरीची गरज नाही. सराव करणाऱ्याला वजनाच्या किलोमागं रोज साधारण दीड ग्रॅम प्रथिनं पुरतात. साठ किलोच्या पोराला ९० ग्रॅम. शंभर ग्रॅम फुटाण्यांतून २० च्या आसपास, शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीतून २२, एका अंड्यातून ६, अर्धा लिटर दुधातून १६, आणि भाकरी-पोळीतून उरलेलं. मुठीनं फुटाणे आणि गूळ सरावानंतर लगेच खा. आपल्याकडं वरण पातळ करायची रीत आहे, तयारी करणाऱ्याच्या ताटात ते घट्ट वाढा, एवढं केलं तरी बरंच भागतं.

मैदानमाती
गोळ्याबद्दल लिहितो, कारण यावर गावात सर्वात कमी मेहनत होते आणि १५ गुण आहेत.

पोरं गोळा दगडासारखा फेकतात, खांद्यामागून. त्यानं कोपर जातं आणि नियमानंही ते चालत नाही. गोळा ढकलायचा असतो. बोटांच्या मुळाशी ठेवा, तळहातात नाही. जबड्याखाली मानेला टेकवा, कोपर बाहेर आणि वर. उजव्या हाताचा असाल तर वजन वाकवलेल्या उजव्या पायावर. आधी पाय जमिनीला रेटतो, मग कंबर पुढं वळते, मग छाती, आणि हात सगळ्यात शेवटी. हात आधी निघाला की पायाची सगळी ताकद वाया जाते. त्याची खूण म्हणजे गोळा डावीकडं जातो आणि खाली पडतो. सुटताना तो साधारण ३५ ते ४० अंशांत वर जावा. समोर दहा फुटांवर दोन बांबूंना आडवी दोरी बांधून तिच्यावरून टाकायचा सराव करा.

बुधवार धरून आठवड्यातून दोनदा, २०-२५ फेकी पुरे. पहिल्या दहा उभ्यानं, नुसत्या कंबरेच्या वळणावर. गावात गोळा नसेल तर गटानं मिळून एक खरा लोखंडी घ्या आणि वजनकाट्यावर तपासा, कारण स्वस्तातला गोळा बऱ्याचदा हलका निघतो. दगडावर सराव करू नका, आकार वेगळा असल्यानं बोटांना चुकीची सवय लागते.

गावअभ्यासिका
मैदानाइतकंच लेखीत सातत्य तुटतं, आणि तिथं ते दिसत नाही. पोरगा चार तास अभ्यासिकेत बसलेला दिसतो, म्हणून सगळ्यांना वाटतं अभ्यास होऊन राहिला.

१०० प्रश्न, ९० मिनिटं. प्रश्नाला ५४ सेकंद. अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. व्याकरणाचा प्रश्न २० सेकंदांत सुटला तरच काळ-काम-वेगाच्या गणिताला दीड मिनिट मिळतं. म्हणून ३० पर्यंत पाढे, ३० पर्यंत वर्ग, १५ पर्यंत घन तोंडपाठ. हे पळता पळताही म्हणता येतात.

चुकांची वही ठेवा. सराव प्रश्नपत्रिका सोडवली की चुकलेला प्रत्येक प्रश्न तीनपैकी एका खान्यात टाका: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण घाईत चुकलं, वेळ पुरला नाही. तिघांचा इलाज वेगळा. पहिल्याला वाचन लागतं. दुसऱ्याला प्रश्नातल्या "नाही", "चुकीचा", "गटात न बसणारा" या शब्दांखाली रेघ मारायची सवय लागते. तिसऱ्याला पाढे आणि प्रश्न सोडून पुढं जायचा निर्णय. सगळ्यांवर एकच इलाज म्हणजे "अजून एक पुस्तक आणतो", यानं गुण हलत नाहीत. चुकलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं आणि महिन्यानं पुन्हा सोडवा. तीनदा बरोबर आला की वहीतून काट मारा.

आठवड्याला नवी प्रश्नपत्रिका एकच. उरलेले दिवस तिच्यातल्या चुका धुवायला. मला विचाराल तर उत्तम होणं म्हणजे हेच आहे, रोज स्वतःची एक ठरावीक चूक हातात धरून ती सुटेपर्यंत न सोडणं. ते मैदानावरही तसंच.

पांदणवाट
अगदी. मैदानाच्या वहीतही तोच खाना ठेवा. तारीख, झोप किती तास, सकाळी उठल्या उठल्या नाडी, काय ठरलं होतं, काय झालं, आणि शेवटी "आज एक चूक". "पहिली फेरी ७३ ला गेली" असं. "मन लागलं नाही" असं लिहू नका, त्यावर उद्या काही करता येत नाही. नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त सलग दोन दिवस आली तर अंग सावरलेलं नाही, तो दिवस हलका.

निंबोणी
मुलींचं एक वेगळं आहे. त्यांची सकाळ त्यांच्या हातात नसते. पाणी, सडा, स्वयंपाक. घरात "पळायला जाते" म्हटलं की आधी कामाचा प्रश्न येतो, मग "अंधारात कुठं" हा.

उपकेंद्र
खरं आहे. यात मुलीच्या एकटीच्या निश्चयानं भागत नाही, घरालाही त्यात घ्यावं लागतं. आईशी मोघम बोलू नका. कोणते चार दिवस, किती वाजता घराबाहेर, किती वाजता परत, आणि त्या बदल्यात कोणतं काम संध्याकाळी माझं, असं ठरवा. कोणतं काम भावानं करायचं तेही तेव्हाच ठरवा आणि सगळ्यांसमोर बोला. तीन-चार मुलींचा गट आणि उजाडल्यावरची वेळ ठेवली की घरचे बऱ्याचदा मानतात. गटात एखादी वयानं मोठी बाई चालायला आली तर फारच सोयीचं. अंगणवाडी सेविका, आशाताई यांना विचारा, बऱ्याच जणी तयार होतात.

तूर_हरभरा
गटाचं म्हनाल त आमच्याकडं व्हाट्सअपवर गट हाय. रोज सकायी फोटो टाकतेत. त्यानं काई होते का?

पांदणवाट
फोटोनं फारसं नाही भाऊ. फोटो पळायच्या आधीही टाकता येतो. जोडी लावा. वेळेत पंधरा-वीस सेकंदांपेक्षा जास्त फरक नसलेले दोघं. एक जण दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो आणि आठवड्यानं पाळी बदलते. शनिवारी दोघं एकमेकांची वही वाचतात आणि सही करतात. गट मोठा झाला की कोण आलं नाही हे कळतही नाही. दोघांत एक गेला तर लगेच कळतं.

खुंटी_दोरी
एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. किती वर्षं? खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३ पर्यंत वय आहे. त्यामुळं पोरं भरतीची वाट पाहत वर्षामागून वर्ष घालवतात. निश्चय म्हणून आपण याचं कौतुक करतो, पण शेवटची तारीख न लिहिलेला निश्चय घराला महाग पडतो.

गावअभ्यासिका
सहमत, पण थोडं वेगळं सांगतो. वर्षांची मर्यादा नको, आकड्यांची घाला. भरती निघो न निघो, सोळा आठवड्यांचा एक फेरा पूर्ण करा आणि शेवटी स्वतःची पूर्ण परीक्षा घ्या. मैदान आणि लेखी मिळून १५० पैकी किती? दुसऱ्या फेऱ्यात १० तरी वाढले का? वाढत असतील तर चालू ठेवायला आधार आहे. वही प्रामाणिक भरूनही दोन फेऱ्यांत आकडा हलत नसेल तर पद्धत बदला, कुणा जाणत्याला दाखवा. तिसऱ्यातही तेच असेल तर घरी बसून उघड बोला. तोवर सोबत एखादं कमाईचं काम शिकत राहणं निष्ठेच्या आड येत नाही.

आणि दार एकच नाही. वनरक्षक भरतीत मुलांना ५ किमी, मुलींना ३ किमी धावणं असतं, आणि निवडीआधी चार तासांत मुलांना २५ व मुलींना १६ किमी चालणं. ज्याचा १०० मीटरचा वेग येतच नाही पण दम दांडगा आहे, अशा पोराला हे मैदान जास्त मानवतं. शनिवारच्या लांब धावेनं त्याचीही तयारी होते.

खुंटी_दोरी
आकड्यांची मर्यादा जास्त बरोबर आहे, मान्य.

तूर_हरभरा
आता शेवटचं इचारतो. मैदानाची तारीख आली की पोट्टे आखरीच्या आठ दिवसांत जीव तोडून पयतेत. हे बराबर हाय का? अन् पानी आलं त?

मैदानमाती
बरोबर नाही. शेवटच्या दहा दिवसांत नवीन ताकद येत नाही, फक्त थकवा साठतो. अंतर निम्म्यावर आणा, वेग तसाच ठेवा. ४०० च्या तीनच फेऱ्या, ३० मीटरच्या चार सुरुवाती, गोळ्याच्या दहा फेकी. शेवटचे दोन दिवस फक्त २० मिनिटं हळू. नवे बूट नाहीत, नवं खाणं नाही. सकाळी धावायचं असेल तर दोन तास आधी हलकं काही खा, उपाशी जाऊ नका. तालुक्याहून पहिल्या एसटीनं पोचता येत नसेल तर आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा. रात्रभर प्रवास करून उतरलेला पोरगा सरावातली वेळ काढत नाही. १०० आणि १६०० कोणतं आधी येईल हे त्या दिवसावर असतं, म्हणून शेवटच्या महिन्यात दोन्ही क्रमांनी एकेकदा चाचणी घेऊन ठेवा.

पावसाचं विचारलंत ते योग्य. २०२४ ची मैदानी चाचणी १९ जूनला सुरू झाली होती, म्हणजे ऐन मृगात. ओल्या मैदानावर पावलं थोडी आखूड टाका आणि वळणावर एकदम वेग वाढवू नका. गोळा ओला झाला की बोटांतून निसटतो आणि फेक वाया जाते. एक कोरडं फडकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा, प्रत्येक फेकीआधी गोळा आणि मान दोन्ही पुसून घ्या.